जोडीनं जपान बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूरच्या झेंड्यामागे न धावता, स्वतः आखणी करून जपान बघायचं ज्या नवराबायकोनं ठरवलं आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. आम्ही दोघं पन्नाशी ओलांडल्यावर गेलो, दोघंही शाकाहारी. ओळखीच्यांनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले तेच इथे घेतले आहेत. दर आणि नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा ताजी माहिती बघून घ्यावी.

भाषा येत नाही. दोघांनीच जाणं जमेल का, की टूर बरी?

जमेल. रेल्वे स्थानकांची नावं रोमन लिपीतही लिहिलेली असतात, स्थानकांना क्रमांक असतात, आणि मोबाइलवरचा नकाशा कोणत्या फलाटावर जायचं इथपर्यंत सांगतो. छापील मजकुरावर कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप घेतलं की मेनू आणि औषधाची पाकिटंही वाचता येतात. त्यासाठी इंटरनेट मात्र अखंड हवं. भारतातूनच ई-सिम घेऊन ठेवा.

टूरचा एक फायदा खरा आहे: जेवणाची काळजी मिटते. पण त्या बदल्यात सकाळी आठला बस, देवळात चाळीस मिनिटं आणि दुपारी भारतीय रेस्टॉरंट असा दिवस पदरी पडतो. जपानची खरी गोडी पहाटेच्या रिकाम्या गल्लीत आणि संध्याकाळी आवरत आलेल्या बाजारात आहे. त्या वेळा टूरच्या वेळापत्रकात बसत नाहीत.

किती दिवस लागतील आणि कुठे कुठे जावं?

पहिल्या खेपेला बारा-तेरा रात्री बऱ्या. माझा आग्रह एवढाच, की मुक्काम कमी ठिकाणी करा आणि प्रत्येक ठिकाणी जास्त रात्री राहा. रोज बॅग भरायची, रोज नवं हॉटेल शोधायचं, यात दोघांच्याही डोक्याला ताप होतो आणि भांडणं होतात ती बहुतेक अशाच दिवशी.

टोकियोत चार रात्री, फुजी पर्वताजवळच्या हाकोने किंवा कावागुचिकोला एक, क्योटोत चार, कोयासान या डोंगरावरच्या मठांच्या गावी एक, हिरोशिमाला एक आणि शेवटी ओसाकात एक, असा आराखडा चांगला बसतो. क्योटोच्या चार रात्रींतला एक अख्खा दिवस नारा आणि त्याच्या जवळच्या होर्यूजी या देवळाला द्या. विमानाचं तिकीट काढताना उतरायचं टोकियोत आणि परतायचं ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून, असं काढलं तर पुन्हा टोकियोला येण्याचा एक दिवस आणि रेल्वेचं एक भाडं वाचतं. दिल्लीहून टोकियोला थेट विमानं आहेत. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांनी दिल्ली, सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग हे सगळे पर्याय ताडून बघावेत.

जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. पहिल्या दिवशी झोप लवकर येत नाही आणि सकाळी उठवत नाही. त्या दिवशी मोठं काही ठेवू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायचा तर टोकियो-क्योटोत मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला. पानांचे लाल-केशरी रंग बघायचे तर क्योटोत नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची सुरुवात. दोन्ही वेळी गर्दीही तशीच आणि हॉटेलं महाग.

दोघांतच निवांत फिरायचं असेल तर मी मेचा दुसरा पंधरवडा किंवा नोव्हेंबरचे पहिले दहा-बारा दिवस सुचवेन. एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा टाळा, कारण तेव्हा ‘गोल्डन वीक’च्या सुट्ट्या लागून येतात आणि सगळा जपान घराबाहेर पडतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पूर्वजांचा सण असतो, तेव्हाही तेच. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, पुढे दमट उकाडा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हवा छान मिळते, रंग मात्र उत्तरेकडे किंवा डोंगरात गेल्याशिवाय पुरते मिळत नाहीत.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या जपान केंद्रातून करायचा. फॉर्म, फोटो, दिवसवार प्रवासाचा तक्ता, बँकेचं स्टेटमेंट आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं ही मुख्य कागदपत्रं. खर्च दोघांपैकी एकच करणार असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही लावा. पासपोर्टावर माहेरचं नाव असलेल्यांनी तर तो जवळ ठेवावाच.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ई-व्हिसाची सूचना विमानतळावर मोबाइलवर, इंटरनेट चालू ठेवून, थेट दाखवावी लागते. छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. दोघांचे व्हिसा एकाच मोबाइलवर ठेवून तो मोबाइल बंद पडला असं होऊ देऊ नका. इमिग्रेशन आणि कस्टमसाठी ‘व्हिजिट जपान वेब’वर आधीच माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवला की रांगेत वेळ कमी जातो.

जेआर पास घ्यावा का?

जेआर पास म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांतून ठरावीक दिवस फिरण्याचा पास. बहुतेकांना आता त्याची गरज नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 येनवरून 50,000 येन झाली. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं भाडं साधारण 14,000 येन आहे. टोकियो, क्योटो, हिरोशिमा आणि परत टोकियो एवढी मोठी फेरी केली तरी सुटी तिकिटं 45,000 येनच्या आसपास बसतात. शिवाय सगळ्यात जलद ‘नोझोमी’ गाड्यांना हा पास जादा पैसे भरल्याशिवाय चालत नाही. जुने व्हिडिओ बघून पास घेणारे अजून भेटतात, म्हणून हे सविस्तर सांगितलं.

शहरात फिरायला सुईका, पास्मो किंवा इकोका यांपैकी कोणतंही एक, पैसे भरून वापरायचं कार्ड घ्या. तिन्ही एकमेकांच्या शहरात चालतात, बस, मेट्रो, दुकानं, लॉकर सगळीकडे. कार्ड दोघांना दोन हवीत, एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही.

शिंकान्सेनमध्ये कोणत्या सीट घ्याव्यात? बॅगांचं काय करायचं?

साध्या डब्यात एका बाजूला तीन सीट आणि दुसऱ्या बाजूला दोन असतात. दोनच्या बाजूला डी आणि ई. टोकियोहून क्योटोला जाताना फुजी पर्वत उजव्या हाताला, म्हणजे याच बाजूला येतो. जोडीला दोन सीटही मिळतात आणि फुजीही, त्यामुळे डी-ई मागून घ्या. गाडी सुटल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी खिडकीकडे लक्ष ठेवा. नोझोमी क्योटोला सव्वादोन तासांत पोचते, त्यामुळे डुलकी लागली तर फुजी गेलाच म्हणून समजा.

ही गाडी 1 ऑक्टोबर 1964 ला टोकियो-ओसाका मार्गावर सुरू झाली आणि तेव्हापासून रुळांवरून घसरून किंवा टक्कर होऊन तिच्यातला एकही प्रवासी दगावलेला नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी हेच तंत्रज्ञान निवडलं आहे, म्हणून फलाटावर पाचदहा मिनिटं आधी उभं राहून डब्याच्या खुणा, रांगा, सफाई करणाऱ्यांची लगबग हे सगळं जरूर बघावं.

बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज 160 सेंटिमीटरच्या वर असेल तर टोकाइदो म्हणजे टोकियो-ओसाका मार्गावर डब्याच्या मागची खास सीट आधी आरक्षित करावी लागते. त्याला वेगळे पैसे नाहीत. न करता चढलात तर 1,000 येन पडतात. त्यापेक्षा ‘ताक्क्यूबिन’ ही घरपोच सामानसेवा वापरा. हॉटेलच्या काउंटरवर मोठ्या बॅगा द्यायच्या, पुढच्या शहरातल्या हॉटेलचा पत्ता लिहायचा, टोकियोहून क्योटोला साधारण दुसऱ्या दिवशी बॅग हजर. मधली एक रात्र पाठीवरच्या छोट्या पिशवीत भागवायची. हाकोने किंवा कोयासानसारख्या डोंगरातल्या मुक्कामाला तर हाच एक शहाणपणाचा मार्ग, कारण तिथे छोट्या गाड्या, केबल कार आणि जिने आहेत.

दोघांसाठी खोली घेताना काय बघावं?

पलंगाची रुंदी. ‘सेमी-डबल’ नावाची जी स्वस्त खोली दिसते तिचा पलंग बहुधा 120 सेंटिमीटरचा असतो. दोन मोठ्या माणसांना तो रात्रभर पुरत नाही. ‘ट्विन’ घ्या, म्हणजे दोन वेगळे पलंग. खोलीचं क्षेत्रफळही बघा: 12-13 चौरस मीटरच्या खोलीत दोन बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. आरक्षण करताना माणसं दोन लिहा, कारण तिथे दर बरेचदा माणशी लावतात. मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटांत असलेलं लहान हॉटेल हे लांबच्या ऐसपैस हॉटेलपेक्षा कधीही बरं. क्योटोसारख्या शहरांत मुक्कामावर वेगळा कर असतो.

रयोकानचा खर्च करण्यासारखा आहे का? आणि ऑनसेनमध्ये खरंच काही न घालता उतरायचं?

रयोकान म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीचं निवासस्थान. तिथे एक रात्र जरूर करा. तातामीची चटई, जमिनीवरची गादी, अंगात युकाता हा सुती किमोनो, खोलीतच किंवा शेजारच्या दालनात येणारं रात्रीचं जेवण. दर माणशी असतो आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण व न्याहारी धरलेली असते. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच लिहून विचारा. आयत्या वेळी सांगितलं तर त्यांना काही करता येत नाही, कारण दहाबारा वाट्यांचा तो सगळा मेळ आधीच ठरलेला असतो. युकाता घालताना डावी बाजू उजवीवर घ्यायची. उलट फक्त मृताला नेसवतात.

ऑनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात, हो, कपडे पूर्ण काढायचे. पुरुषांचं कुंड वेगळं, स्त्रियांचं वेगळं. आधी लहान स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात उतरायचं, छोटा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही. संकोच वाटणाऱ्यांनी ‘काशिकिरी’ म्हणजे तासाभरासाठी आरक्षित करता येणारं खासगी कुंड असलेलं ठिकाण निवडावं. दोघांना एकत्र गरम पाण्यात बसायचं असेल तर मार्ग हाच. अंगावर गोंदण असेल तरी हाच उपाय, कारण अनेक सार्वजनिक कुंडांत गोंदण चालत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी फार वेळ बसू नये.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

उपाशी राहणार नाही, पण आयतं मिळेल असंही नाही. अडचण मांसाची कमी आणि ‘दाशी’ची जास्त. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचं आणि कोंबू या समुद्री वनस्पतीचं असतं. मिसो सूप, उडॉन नूडल्सचा रस्सा, सोबा नूडल्सबरोबरची चटणी, भाज्यांची कालवणं, अंड्याची गुंडाळी, सगळ्यात ते असतं. समोर नुसती भाजी-टोफू दिसतो, म्हणून वेटर मनापासून ‘यात मांस नाही’ म्हणतो. त्याच्या दृष्टीनं ते खरंच असतं. म्हणून मांस, मासे, चिकन आणि दाशी चारही नको असं जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. आणि हा नियम घरातच ठरवून घ्या: मासा ताटात नको, की रश्शातही नको? दोघांची रेघ वेगळी असू शकते.

आम्हाला हमखास मिळालेल्या गोष्टी सांगते. कोनबिनी म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टसारखी चोवीस तास उघडी दुकानं. तिथे उमेबोशी हे आंबट फळाचं लोणचं भरलेली ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, केळी, भाजलेली रताळी, दही, सुकामेवा. पावावर मात्र भरवसा नको, काहींत डुकराची चरबी असते. टोकियो स्थानकाच्या आतच ‘टीज तानतान’ नावाचं पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचं दुकान आहे. गाडीआधी तिथलं तिळाचं झणझणीत रामेन खाऊन घ्या, रांग लवकर सरकते. क्योटोत युदोफू, म्हणजे कोंबूच्या पाण्यात उकळलेला मऊ टोफू, देवळांच्या आसपास मिळतो. लाल बियांच्या गोड सारणाचे मोची, दाइफुकु, मांजू यांत अंडं नसलेले प्रकार खूप आहेत आणि पुरणाची चव आवडणाऱ्या माणसाला ते लगेच आवडतात. भारतीय रेस्टॉरंटं प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, पण रात्री लवकर बंद होतात. ‘हॅपीकाऊ’ ॲपवर जवळपासच्या जागा शोधता येतात.

जैन पद्धतीचं जेवण हवं असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि एक वेळ स्वतः करा. तांदूळ, भाज्या, टोफू, दही कोपऱ्यावर मिळतं.

घरून खायला काय न्यावं आणि काय नेऊ नये?

मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थेपले, भाजणीच्या चकल्या, बंद पाकिटातलं उपमा-पोहे. गरम पाणी हॉटेलच्या खोलीत असतंच. मांसाचा कोणताही पदार्थ, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता नेऊ नका. मांसावर बंदी आहे आणि ताज्या फळभाज्यांना दाखला लागतो. हापूसची पेटी कितीही न्यावीशी वाटली तरी नको.

वीज तिथे 100 व्होल्टची आहे आणि सॉकेटला दोन चपट्या पिना लागतात. मोबाइलचा चार्जर चालतो. आपल्याकडची किटली, हेअर ड्रायर, इस्त्री नीट तापत नाहीत, ओझं नेऊ नका.

रोजची औषधं नेता येतात का?

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगीपत्र काढावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांकडे लक्ष द्या: ज्यात स्युडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त आहे ती औषधं जपानमध्ये चालत नाहीत, आणि कोडीन असलेल्या औषधांवरही निर्बंध आहेत. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा आणि जेनेरिक नावं लिहिलेली चिठ्ठी जवळ असू द्या.

इतकी देवळं बघायची कशाला? सगळी सारखीच तर दिसतात.

हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटतं, म्हणून उत्तर लांब आहे.

सारखी दिसतात, कारण यादीतली गर्दीची पाच देवळं आपण एका दिवसात उरकतो. क्योटोतलं किन्काकुजीचं सोनेरी देऊळ सुंदर आहेच, पण ते 1950 मध्ये एका तरुण भिक्षूनं जाळलं होतं आणि आजचं 1955 मध्ये बांधलेलं आहे. क्योटोतल्याच फुशिमी इनारी देवस्थानातल्या तोरींच्या, म्हणजे लाल कमानींच्या, रांगेत खांद्याला खांदा लावून चालायचं असेल तर दहा वाजता जा. चालण्याचा आनंद घ्यायचा असेल तर सकाळी सहाला. तिथे तिकीट नाही आणि दिवसरात्र उघडं असतं.

भारतातून जाणाऱ्या माणसानं मात्र काही जागा चुकवू नयेत, आणि टूरवाले नेमक्या त्याच वगळतात. क्योटोतलं सान्जूसान्गेन्दो बघा. सुमारे 120 मीटर लांबीचं लाकडी सभागृह, आजची वास्तू 1266 ची. आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, 1,001 मूर्ती: एक हजार रांगेनं उभ्या, मधली मोठी बसलेली. सगळे लोक त्या गर्दीकडे बघतात. तुम्ही पुढच्या रांगेतल्या 28 रक्षक देवतांकडे बघा. तिथे ब्रह्मा आहे, इंद्र आहे, चोच असलेला गरुड बासरी वाजवतो आहे. पाट्या वाचत सावकाश चाला. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे.

नाराला हरणांपाशी सगळा वेळ घालवू नका. तोदाइजी या देवळातल्या सुमारे 15 मीटर उंच बुद्धाचे डोळे 752 मध्ये रंगवून मूर्ती जागी केली गेली, तो विधी करणारा आचार्य बोधिसेन भारतातून गेलेला भिक्षू होता. त्याच्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला नाराच्या शोसोइन भांडारात अजून जपलेला आहे.

मग होर्यूजी. नारा स्थानकापासून गाडीनं बारा-पंधरा मिनिटं, पुढे थोडं चालणं किंवा बस. जगातल्या उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या लाकडी इमारती इथे आहेत. इथल्या कोन्दो या मुख्य सभागृहात भिंतीवर बोधिसत्त्वांची चित्रं होती. त्यांची रेषा, कलत्या माना, हातातली कमळं बघून जाणकारांना अजिंठा आठवत आला आहे. 26 जानेवारी 1949 ला आग लागली आणि ती चित्रं करपली. आज भिंतीवर दिसतात त्या प्रतिकृती. जपाननं त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला आणि दर 26 जानेवारीला देशभर देवळांत आग विझवण्याची कवायत होते. जाण्याआधी संभाजीनगरला जाऊन अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पुन्हा एकदा बघून घ्या. मग होर्यूजीत उभं राहिल्यावर काय जळालं हे कळतं.

टोकियोतही असाच शोध घेता येतो. उएनोच्या कमळतळ्यात बेन्झाइतेनचं देऊळ आहे, ती म्हणजे आपली सरस्वती. आसाकुसा भागात सेन्सोजी या मोठ्या देवळापासून चालत गेलात तर मात्सुचियामा शोदेन हे छोटं देऊळ लागतं. तिथला शोतेन म्हणजे गणपती. मूर्ती दर्शनाला खुली नसते, आणि नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. काउंटरवरून मुळा घेऊन वाहता येतो.

कोयासान इतकं लांब आहे, जाऊ का?

शाकाहारी जोडप्यानं तर जाच. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वेनं डोंगरापर्यंत आणि पुढे केबल कार, सगळे मिळून दोनेक तास. कुकाई या आचार्यानं नवव्या शतकाच्या सुरुवातीला हे मठांचं गाव वसवलं. तिथे देवळातच मुक्काम करता येतो. रात्रीचं आणि सकाळचं जेवण ‘शोजिन र्योरी’, म्हणजे भिक्षूंचं: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचा टोफू, सुकवलेला कोया-टोफू, लोणची, भात. जपानमध्ये इतक्या निश्चिंतपणे जेवता येईल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. सकाळी सहाच्या सुमारास प्रार्थना असते, तिला बसा.

ओकुनोइनच्या स्मशानात दोन लाखांहून जास्त समाध्या आहेत, उंच देवदारांखाली. तिथल्या लाकडी पट्ट्यांवर जी अक्षरं दिसतात ती सिद्धम लिपी, भारतातून गेलेली. थोडं निरखलं तर ओळख पटायला लागते. काही मठांत ‘अ’ या अक्षरासमोर बसून ध्यान शिकवतात. आणि कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्याचं अनावरण 2015 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी केलं होतं.

आनंदाच्या सहलीत हिरोशिमा कशाला?

6 ऑगस्ट 1945, सकाळी सव्वाआठ. ती वेळ दाखवून थांबलेलं घड्याळ संग्रहालयात आहे, मुलांचे कपडे आहेत, डबे आहेत. जड जातं. तरी जावं असं मला ठामपणे वाटतं. सकाळी संग्रहालय, मग नदीकाठी नुसतं बसणं, आणि दुपारी फेरीबोटीनं मियाजिमा बेटावर, जिथे भरतीच्या वेळी इत्सुकुशिमा देवस्थानाची तोरी पाण्यात उभी दिसते. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. मुक्काम केलात तर दिवस घाईचा होत नाही. शहरात ट्राम आहे, फिरणं सोपं.

फुजी नक्की दिसेल का?

नक्की कोणीच सांगू शकत नाही. 3,776 मीटरचा डोंगर, पण ढगांत पूर्ण लपतो. हिवाळ्यात आणि सकाळी लवकर शक्यता सगळ्यात जास्त, उन्हाळ्यात सगळ्यात कमी. फुजीसाठीच जायचं तर कावागुचिको, गरम पाणी आणि डोंगरातल्या गाड्याही हव्या असतील तर हाकोने. चढाई जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच.

दोघांच्या आवडी अगदी वेगळ्या आहेत. काय करावं?

रोज अर्धा दिवस वेगळं फिरा. जपान त्यासाठी फार सोयीचं आहे. एकटी बाई रात्री नऊला मेट्रोनं परतताना मला कुठेही भीती वाटली नाही. नवऱ्याला रेल्वे संग्रहालय आणि अकिहाबारातली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं हवी होती, मला निप्पोरीच्या कापडगल्लीत हिंडायचं होतं. संध्याकाळी ठरल्या स्थानकाच्या ठरल्या दारावर भेटायचं. दार ठरवणं महत्त्वाचं, कारण टोकियोतल्या शिंजुकू स्थानकाला दोनशेच्या आसपास दारं आहेत.

शिंजुकूत असाल तर नाकामुराया हे खाद्यपदार्थांचं जुनं दुकान बघा. 1915 मध्ये इंग्रजांना हवे असलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना या दुकानाच्या मालकांनी लपवलं. पुढे या मालकांची मुलगी तोशिको हिनं बोसांशी लग्न केलं आणि त्या अज्ञातवासात साथ दिली. 1925 मध्ये ती गेली. 1927 पासून तिथे मिळणारी भारतीय करी बोसांनी शिकवलेली. करीत कोंबडी असते, पण ही हकिकत माहीत असल्यावर त्या दारात नुसतं थांबणंही पुरेसं आहे.

गुडघे दुखतात. झेपेल का?

झेपेल, पण चालायची सवय दोन महिने आधीपासून करा. दिवसाला बारा-पंधरा हजार पावलं सहज होतात. स्थानकांत लिफ्ट असते, फक्त ती फलाटाच्या टोकाला असते. बूट सहज काढता-घालता येणारे घ्या, देवळांत आणि अनेक रेस्टॉरंटांत ते काढावे लागतात. फुशिमी इनारीचा अर्धा डोंगर चढलात तरी खूप झालं. क्योटोतल्या कियोमिझुदेरा देवळाला चढ आहे, तिथपर्यंत टॅक्सी करा.

खर्च किती?

विमान सोडून सांगते. मध्यम हॉटेलची दोघांची खोली रात्रीला 12,000 ते 20,000 येन, क्योटोत हंगामात बरीच जास्त. साधं जेवण माणशी 1,000 ते 1,500. मेट्रोचा दिवसाचा खर्च माणशी 1,000 च्या आत-बाहेर. देवळांची तिकिटं बहुतेक 500 ते 1,000. रयोकानची रात्र वेगळी धरा. हिशेबाला 100 येन म्हणजे 55 ते 60 रुपये घ्या आणि निघताना दर बघा. रोख लागतेच, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून निघते. बक्षिसी कुठेही द्यायची नाही.

वागण्याबोलण्यात काय सांभाळावं?

गाडीत फोनवर बोलू नका, आपसातही हळू. रांग मोडू नका. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. रस्त्यावर कचराकुंड्या फारशा नाहीत, 1995 च्या टोकियो मेट्रोतल्या सरीन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर त्या आणखी कमी झाल्या. कचरा पिशवीत ठेवून हॉटेलात टाका. क्योटोच्या गिओन भागात माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, दिसली की तिच्यामागे कॅमेरा घेऊन धावू नका. तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे आणि 10,000 येन दंडाच्या पाट्या लागलेल्या आहेत. चारचौघांत हात धरून चालण्याला कुणाची हरकत नसते, त्याहून जवळीक लोकांना अवघडल्यासारखी वाटते.

भूकंप झाला तर?

हलकासा धक्का जाणवू शकतो. मोबाइलवर मोठ्यानं इशारा वाजतो. घाबरून बाहेर पळू नका, टेबलाखाली किंवा भक्कम आधाराशी थांबा, हॉटेलचे लोक सांगतील तसं करा. पोलिसांना 110, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाला 119. प्रवास विमा काढूनच निघा.

तिकडे मराठी माणसं भेटतील का?

टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे डाळी-मसाल्यांची दुकानं आहेत आणि संध्याकाळी बागेत मराठी कानावर पडतं. याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे. टोकियोत मराठी मंडळही आहे. गणपतीच्या दिवसांत तुमची सहल येत असेल तर त्यांच्या उत्सवाची तारीख आधी बघून ठेवा, तो बहुधा जवळच्या शनिवार-रविवारी असतो.